घरांतला आवाज आणि संगणकाचा कान

गेल्या चैत्रांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. तो चारचौघांत सांगावा कीं न सांगावा, याचा आम्हीं पुष्कळ विचार केला. परंतु अशी चूक अनेक घरीं होत असली पाहिजे आणि ती झाल्यावर भरून काढतां येत नाहीं, म्हणून संकोच सोडून ती येथें सांगत आहों.

आमच्या वडील आत्याबाई यंदा सत्त्याऐंशी वर्षांच्या आहेत. लहानपणीं आजीजवळ आणि पुढें सासूबाईंजवळ बसून शिकलेल्या जात्यावरच्या ओव्या, पहाटेच्या भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं, हें सारें त्यांना मुखोद्गत. लिहिलेलें कांहींच नाहीं. शब्द एक वेळ लिहून घेतां येतील; पण ओवीच्या तिसऱ्या चरणावर त्या जो किंचित् थांबून श्वास घेतात आणि मग स्वर उचलतात, तो कागदावर कसा उतरणार? तेव्हां हें सर्व संगणकावर नोंदून ठेवावें असें घरच्या मंडळींनीं ठरविलें. चिरंजीवांनीं एक चांगलासा मायक्रोफोन आणि एक यूएसबी ऑडिओ इंटरफेस विकत आणला.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं आत्याबाई पूजा आटोपून पाटावर येऊन बसल्या. समोर मायक्रोफोन; शेजारीं इंटरफेसची पेटी; तिच्यावरचा हिरवा दिवा त्यांच्या स्वराबरोबर लुकलुकत होता. तास-सव्वा तास त्या गात होत्या. मध्यें कोणी खोकलें सुद्धां नाहीं. दुपारीं जेवणें झाल्यावर सगळीं ऐकावयास बसलों, तों ऐकूं आली ती छतावरच्या पंख्याची घरघर. आणि तिच्या पलीकडे, जणूं परसांतून कोणी गात आहे असा आत्याबाईंचा आवाज!

प्रत्येकानें आपापला तर्क केला. कोणी मायक्रोफोनला दोष दिला, कोणी पेटीला, कोणी दुकानदाराला. कारण सांपडलें तें आमच्या धाकट्या सूनबाईंना. ती नोंद दुसऱ्यांदा ऐकून त्या म्हणाल्या, "मामंजी, यांत संगणकाच्या कळा दाबल्याचा आवाज केवढा मोठा येतो आहे पाहा! मायक्रोफोन तर आत्याआजींच्या पुढें होता." त्यांचें म्हणणें बरोबर होतें. संगणकानें नव्या मायक्रोफोननें ऐकलेंच नव्हतें. लॅपटॉपच्या अंगचा जो टीचभर मायक्रोफोन असतो, त्यानेंच तो सव्वा तास ऐकत बसला होता. पेटीवरचा दिवा खोटें बोलत नव्हता. पेटीला ऐकूं येत होतें. पण पेटीचें म्हणणें ऐकावयाचें आहे, हें संगणकाला कोणी सांगितलेंच नव्हतें.

दोन दिवसांनीं पुन्हां बसूं, असें म्हणतों तोंच आत्याबाईंना ताप आला. त्या आजारांतून उठावयास दीड महिना लागला. आतां त्या बऱ्या आहेत, गातातही; परंतु एका लांब गाण्यांतले मधले चार चरण त्यांना आठवत नाहींत. ते आहेत फक्त आमच्या त्या बिघडलेल्या नोंदींत, पंख्याच्या घरघरीखालीं.

त्यानंतर हें यंत्र नीट समजून घेतल्याशिवाय आम्हांस राहवलें नाहीं. जें समजलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेलेले आवाज

१९०२ सालीं कलकत्त्यास गौहर जान यांचें गाणें ध्वनिमुद्रित झालें, तेव्हां गाणाराला एका मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून उंच आवाजांत गावें लागे आणि अवघ्या तीनएक मिनिटांत गाणें संपवावें लागे. विजेच्या साह्यानें ध्वनिमुद्रण होऊं लागलें तें १९२५ च्या सुमारास. आपल्याकडील कित्येक थोर गळे या सोयीपूर्वींच निघून गेले. पुण्याच्या भारत गायन समाजाचे संस्थापक आणि 'स्वयंवर' नाटकाच्या पदांना चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ सालीं वारले. त्यांच्या गाण्याचें वर्णन त्यांच्या शिष्यांनीं ठेविलें. त्यांचा आवाज मात्र आज ऐकावयास मिळत नाहीं.

याच्या उलट उदाहरण हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांच्या कार्याचें. त्यांनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रांतील खेडोपाडीं हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि त्यांतल्या कित्येक बायांच्या आवाजांत नोंदून ठेविल्या. पीठ गिरणीवर जाऊं लागल्यामुळें जातें थांबलें, आणि जात्याबरोबर ओवीही थांबत होती. ती अशी वांचली. आपल्या घरापुरतें हेंच काम आज एका लहान पेटीच्या साह्यानें कोणासही करतां येतें. मात्र ती पेटी काय करते हें ठाऊक असलें पाहिजे.

पेटीचें काम

मायक्रोफोनचा पडदा आवाजाबरोबर हालतो आणि तारेंतून अगदीं क्षीण विद्युत्प्रवाह वाहूं लागतो. इंटरफेस प्रथम तो प्रवाह वाढवितो. मग सेकंदास ४४,१०० किंवा ४८,००० वेळां त्याचें माप घेतो, तें आंकड्यांत मांडतो आणि ते आंकडे यूएसबीच्या तारेनें संगणकाकडे धाडतो. मनुष्याच्या कानास फार तर २०,००० कंपांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो आणि त्याच्या नोंदीला दुपटीहून अधिक मापें लागतात, म्हणून हे आंकडे ठरले. प्रत्येक माप किती बारीक घ्यावयाचें हें 'बिट' या मानावर अवलंबून असतें. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या होतात. २४ बिटांत १ कोटि ६७ लक्षांहून अधिक. घरच्या नोंदीस ४८,००० मापें आणि २४ बिट हें प्रमाण उत्तम.

कोणी विचारील, लॅपटॉपला मायक्रोफोन असतोच, मग ही पेटी कशास पाहिजे? त्याचें उत्तर असें कीं, लॅपटॉपचा मायक्रोफोन बोलण्यापुरता केलेला असतो. त्याच्या मागें यंत्र थंड ठेवणारा पंखा फिरत असतो. आणि संभाषणासाठीं केलेली जी योजना संगणकांत असते, ती एकसारखा चालणारा आवाज गोंगाट समजून पुसून टाकते. तंबोऱ्याचा स्वर हा एकसारखाच चालतो! दूरच्या शिष्यांना संगणकावरून गाणें शिकविणाऱ्या पुष्कळ गायकांना हा अनुभव आहे. गुरूंचा तंबोरा शिष्यापर्यंत पोहोंचतच नाहीं.

जोडणी

जोडणीचा क्रम मायक्रोफोनपासून सुरू करून कानापर्यंत न्यावा. मधूनच आरंभ करूं नये.

मायक्रोफोन दोन जातींचे मिळतात. 'डायनॅमिक' हा दणकट. त्याला बाहेरून वीज लागत नाहीं आणि तो जवळचें तेवढें ऐकतो. 'कंडेन्सर' हा नाजूक व तीक्ष्ण कानाचा. त्याला पेटीकडून ४८ व्होल्टची वीज द्यावी लागते. त्यासाठीं पेटीवर '४८ व्ही' असें लिहिलेलें बटण असतें. तें दाबलें नाहीं तर कंडेन्सर मुका राहतो, आणि नवशिके यंत्र बिघडलें म्हणून परत नेतात. मायक्रोफोनची तार आधीं जोडावी, आवाज अगदीं कमी ठेवावा आणि मगच तें बटण दाबावें. पंखा बंद करतां येण्याजोगी शांत खोली असेल तर कंडेन्सर घ्यावा. रस्त्यावरच्या घरांत डायनॅमिक बरा.

मायक्रोफोनची तार तीन खुंट्यांची असते, ती उगीच नव्हे. तींतल्या दोन तारांतून तोच आवाज परस्परांच्या उलट बाजूंनीं जातो. वाटेंत शिरलेली खरखर मात्र दोहोंत सारखीच असते. पेटी या दोहोंची वजाबाकी करते. त्यासरशी खरखर जाते आणि गाणें राहतें.

पेटीपासून संगणकाकडे जाणारी यूएसबी तार पेटीबरोबर आलेलीच वापरावी. फोनच्या चार्जरबरोबर मिळणाऱ्या कांहीं तारा केवळ वीज वाहतात. त्यांतून आंकडे जातच नाहींत. दिवा लागतो, पण संगणकाला पेटी दिसत नाहीं. तार संगणकाच्या अंगच्या भोंकांत घालावी. माऊस, पेनड्राइव्ह वगैरे चार वस्तू लटकविलेल्या 'हब'मध्यें घालूं नये. यूएसबी २.० च्या एका भोंकांतून ५०० मिलीअँपियर एवढीच वीज मिळावयाची. तींत वांटेकरी झाले कीं पेटी मधूनमधून बंद पडूं लागते.

पुढें 'ड्रायव्हर'. पेटीची भाषा संगणकास समजावून देणारा हा दुभाष्या. १९९८ सालीं यूएसबीवरील ध्वनियंत्रांची एक समाईक भाषा ठरली आणि २००६ सालीं तिची सुधारलेली आवृत्ति निघाली. पहिल्या भाषेंतल्या पेट्या विंडोजला पूर्वींपासून समजत. दुसरी भाषा तो २०१७ सालापासून आपण होऊन समजूं लागला. तरीही विंडोजवर पेटी करणाऱ्या कंपनीनें दिलेला ड्रायव्हर घालणें हितावह असतें. कारण त्याबरोबर 'एएसआयओ' ही जवळची वाट मिळते. १९९७ सालीं स्टाइनबर्ग कंपनीनें काढलेल्या या पद्धतींत ध्वनि संगणकाच्या चार कचेऱ्यांतून न फिरतां थेट आपल्या कामाच्या ठिकाणीं जातो. मॅक संगणकास बहुतेक पेट्यांसाठीं असा निराळा ड्रायव्हर लागत नाहीं.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट, जिनें आमचा सव्वा तास खाल्ला. 'ऐकणें कोणाचें?' हें संगणकाला दोन ठिकाणीं सांगावें लागतें: एकदां संगणकाच्या 'साउंड'च्या पानावर, आणि पुन्हां ज्या सॉफ्टवेअरमध्यें नोंद करावयाची त्याच्या अंतर्गत. ऑडॅसिटीसारखें फुकट मिळणारें सॉफ्टवेअर घरकामास पुरें. त्यांतही इनपुट म्हणून पेटीचें नांव निवडलें पाहिजे. पेटी मागाहून जोडली, किंवा मध्येंच निघाली, तर संगणक मुकाट्यानें आपल्या अंगच्या मायक्रोफोनकडे वळतो आणि तसें कोणास कळवीत नाहीं.

याची परीक्षा अगदीं सोपी आहे. नोंद सुरू करून मायक्रोफोनच्या जाळीवर नखानें हलकेंच खरवडावें. मग लॅपटॉपच्या कडेवर तसेंच खरवडावें. पडद्यावरची रेघ ज्या ठिकाणीं उसळते, तेथें संगणकाचा कान आहे. या परीक्षेस दहा सेकंद लागतात.

शेवटीं आवाजाची पातळी. मायक्रोफोन तोंडापासून एक ते दीड वितीवर, किंचित् बाजूस असावा. गाणाराला सर्वांत उंच स्वर लावावयास सांगावें आणि त्या वेळीं सॉफ्टवेअरमधलें माप शून्याच्या १२ डेसिबल खालीं राहील अशी खुंटी फिरवावी. कमी भरलेला आवाज मागाहून वाढवितां येतो. शून्यापलीकडे जाऊन फाटलेला स्वर कोणाच्यानें सांधला जात नाहीं.

बिघाडाचा माग

यंत्र बिघडलें कीं सगळ्या खुंट्या एकदम फिरवावयाच्या, ही आपली नेहमींची खोड. तसें केल्यानें बिघाड एक वेळ जातो, पण कशानें गेला तें कळत नाहीं आणि दुसऱ्या दिवशीं तो परत येतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी.

आवाज मुळींच येत नसेल तर प्रथम पेटीवरचा दिवा पाहावा. गातांना तो हालत नसेल तर दोष अलीकडे: मायक्रोफोन, तार, ४८ व्होल्टचें बटण अगर खुंटी. दिवा हालतो पण संगणकांत कांहीं नाहीं, असें असेल तर दोष पलीकडे: यूएसबीची तार, ड्रायव्हर किंवा निवड. विंडोज व मॅक या दोहोंतही सॉफ्टवेअरला मायक्रोफोन वापरण्याची परवानगी निराळी द्यावी लागते. ती 'प्रायव्हसी'च्या पानावर असते. एकाच कानांत आवाज येत असेल तर भिण्याचें कारण नाहीं. एक मायक्रोफोन म्हणजे एक बाजू. सॉफ्टवेअरमध्यें 'मोनो' निवडावें.

सतत घुंऽऽ असा खर्जांतला नाद येत असेल तर तो आपल्या घरच्या विजेचा. ती सेकंदास ५० वेळां आंदोलन घेते. लॅपटॉपचा चार्जर काढून पाहावा. नाद थांबला तर नोंद बॅटरीवरच करावी. मायक्रोफोनची तार चार्जरच्या व दिव्यांच्या तारांपासून दूर न्यावी. कोणी शहाणा प्लगची तिसरी, अर्थिंगची खुंटी काढून टाकण्याचा सल्ला देतो. तो कदापि मानूं नये. ती खुंटी जिवाच्या रक्षणासाठीं असते.

मधूनच चटचट, तडतड होते किंवा शब्दाचा तुकडा पडतो, हा सर्वांत अधिक आढळणारा बिघाड. आणि तो समजण्यास कोंकणांतल्या बागेंतला रहाट डोळ्यांपुढें आणावा. रहाटाचे पोहरे एकामागून एक येतात, दोणींत पाणी ओततात, आणि दोणींतून तें पाटानें माडांकडे वाहतें. यूएसबीवर आंकड्यांचे असे पोहरे सेकंदास निदान हजार येतात. पोहरा सांडला तर तो परत मागविण्याची सोय नाहीं. गाणें पुढें गेलेलें असतें. संगणकांतली दोणी म्हणजे 'बफर'. ती लहान असली आणि संगणक क्षणभर दुसऱ्या कामांत गुंतला, कीं धार तुटते. तीच ती तडतड. दोणी मोठी केली तर धार अखंड राहते, पण पाणी शेवटच्या माडापर्यंत पोहोंचावयास वेळ लागतो. म्हणजे स्वर उशिरा ऐकूं येतो. ४८,००० च्या प्रमाणानें २५६ मापांच्या दोणीला सुमारें ५ मिलिसेकंद लागतात, १,०२४ मापांच्या दोणीला २१. येण्याजाण्याचे मिळून दुपटीहून अधिक. म्हणून निव्वळ नोंद करतांना दोणी मोठी ठेवावी. वायफाय बंद करावें, इतर खिडक्या मिटाव्या, आणि वीज वांचविण्यासाठीं यूएसबीला झोंप आणणारी जी योजना संगणकांत असते ती तेवढ्यापुरती थांबवावी.

गाणाराला हेडफोनमध्यें स्वतःचाच स्वर मागाहून ऐकूं येऊन गोंधळ होत असेल, तर पेटीवरचें 'डायरेक्ट मॉनिटर' हें बटण दाबावें. मग स्वर संगणकांत न शिरतां पेटींतूनच कानाकडे वळतो. सॉफ्टवेअरमधलें ऐकविणें त्या वेळीं बंद ठेवावें, नाहींतर दोन्ही स्वर ऐकूं येतात.

आणि गाणें जड, संथ, खालच्या पट्टींत वाजत असेल तर गळ्याला दोष देऊं नये. ४८,००० नें नोंदलेलें ४४,१०० नें वाजविलें कीं तें शेंकडा आठ इतकें मंदावतें आणि जवळजवळ दीड अर्धस्वर उतरतें; काळी चारचें गाणें पांढरी पांचच्याही खालीं जातें. पेटी, संगणक व सॉफ्टवेअर या तिन्ही ठिकाणीं एकच आंकडा ठेवावा.

नोंद झाल्यावर

पहिलें मिनिट नोंदून तें लगेच, हेडफोन लावून, अथपासून इतिपर्यंत ऐकावें. गाणारास तोंवर घोटभर पाणी द्यावें. हें एक मिनिट आम्हीं वांचविलें होतें! मूळ नोंद 'वेव्ह' स्वरूपांत ठेवावी. एका मायक्रोफोनची तासाची नोंद सुमारें ५२० मेगाबाइट होते. हल्लींच्या संगणकास हें ओझें नव्हे. तिच्या दोन प्रती काढून एक दुसऱ्या घरीं, भावाकडे किंवा लेकीकडे ठेवावी. आणि आरंभीं कोणी तरी स्पष्ट बोलावें: आज तारीख अमुक, गाणार अमुक, हें गाणें त्या कोणापासून शिकल्या. पन्नास वर्षांनीं ऐकणाऱ्यास ओवीइतकेंच हेंही महत्त्वाचें वाटेल.

श्रावणांत आत्याबाई पुन्हां बसल्या. पंखा बंद, चार्जर काढलेला, नखाची परीक्षा झालेली. सूनबाईंनीं पहिलें मिनिट ऐकून मान हालविली आणि मग गाणें सुरू झालें. तीन सकाळीं मिळून चाळीसच्या वर गाणीं नोंदलीं गेलीं. त्या लांब गाण्याशीं आल्यावर आत्याबाई थबकल्या.

तेव्हां चिरंजीवांनीं ती चैत्रांतली बिघडलेली नोंद काढली आणि हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवला. त्या डोळे मिटून ऐकत राहिल्या. "अरे, हा पंखा कोणी लाविला होता?" एवढें एकदां म्हणाल्या. पुन्हां लावावयास सांगितली. आणखी एकदां सांगितली. मग हेडफोन काढून त्यांनीं आपल्याच आवाजांतून ओळखलेले चरण मोठ्यानें म्हणून दाखविले. चारांतले दोन लागले. उरलेले दोन आम्ही सगळीं अजून आळीपाळीनें ऐकत आहों.